शिल्लक आणि उचल

व्यापारी घराला हिशेब शिकवावा लागत नाही. दुकान वाढवले की रोकड मोजायची, रोजमेळ लिहायचा, शिल्लक पाहायची आणि मगच उद्याच्या खरेदीचा विचार करायचा, हे वळण या घरांतील मुलांना शाळेच्या आधी लागते. शिल्लक न पाहता माल भरणारा माणूस बाजारात किती दिवस टिकतो, हेही सर्वांना ठाऊक असते. मात्र हाच हिशेब शरीराला लावण्याची वेळ आली की भलेभले चुकतात. ज्या घरात आमवाताचा रुग्ण आहे, त्या घराला ही चूक फार महागात पडते.

संधिवात हा एकच रोग नव्हे. वाढत्या वयात गुडघ्यातील कूर्चा झिजल्याने होतो तो झिजेचा संधिवात वेगळा आणि आमवात वेगळा. डॉक्टर ज्याला रुमेटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, त्या आमवातात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. बोटांचे सांधे, मनगटे, तळपाय हे बहुधा दोन्ही बाजूंनी सुजतात. हा रोग पुष्कळदा ३० ते ६० या वयात, म्हणजे ऐन कर्तेपणाच्या काळात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये दुपटी-तिपटीने आढळतो. झिजेच्या दुखण्यात सकाळचे आखडलेपण साधारण अर्ध्या तासात सुटते. आमवातात ते तास-दोन तास राहते. माधवकरांच्या ‘माधवनिदान’ या प्राचीन ग्रंथात आमवातावर स्वतंत्र प्रकरण आहे. पाश्चात्त्य वैद्यकातील आजचे नाव इंग्लंडमधील डॉक्टर आल्फ्रेड गॅरॉड यांनी १८५९ मध्ये दिले. रोग असा जुना आहे. त्याचा थकवा मात्र अजूनही घराघरांत नवखाच राहिला आहे.

सांधा दुखतो हे सर्वांना समजते, कारण सुजलेले बोट डोळ्यांना दिसते. थकवा दिसत नाही. सांध्यांत दाह सुरू झाला की शरीर काही रसायने तयार करते. ती सांध्यापुरती थांबत नाहीत. रक्तावाटे सर्वांगावर आणि मेंदूवरही त्यांचा परिणाम होतो. फ्लूच्या तापात हातपाय गळून जातात, अन्नावरची वासना उडते आणि कशातच मन लागत नाही, ते याच जातीच्या रसायनांमुळे. फ्लू आठवड्याभरात उतरतो. आमवातात हे चक्र वर्षानुवर्षे कमीअधिक चालू राहू शकते. त्यात दीर्घकाळच्या दाहाने हिमोग्लोबिन घटते, रात्री कूस बदलताना कळ येऊन झोप मोडते आणि दुखऱ्या सांध्याला जपता जपता स्नायूही दुबळे होतात. म्हणून हा थकवा दुपारच्या एका झोपेने जात नाही. तो आळस नव्हे, मनाचा खेळही नव्हे. सूज जसे रोगाचे लक्षण, तसाच थकवाही रोगाचेच लक्षण आहे.

घरात हे सारे कसे दिसते, ते पाहावे. सून सकाळी सहाला उठते तेव्हा तिची मूठ वळत नाही. नऊ वाजता ती स्वयंपाकघरात उभी असते, साडेअकराला डबे भरून दुकानात जातात आणि दोन वाजता भिंतीला टेकून बसलेली ती उठूच शकत नाही. ताप नाही, प्लास्टर नाही, चेहऱ्यावर आजाराची खूण नाही. ‘काल तर लग्नात चार तास उभी होती, आज एकदम काय झाले?’ असे कोणीतरी विचारते. विचारणारी व्यक्ती दुष्ट नसते. कालचे चार तास आणि आजची दुपार यांचा संबंध तिला दिसत नाही, एवढेच. परंतु या प्रश्नाचा घाव खोल जातो. रुग्ण थकवा लपवू लागतो आणि पुढच्या चांगल्या दिवशी दुप्पट काम करून जणू तो आरोप फेडू पाहतो.

आमवातात वाईट दिवसाइतकाच चांगला दिवसही सांभाळावा लागतो, तो यासाठी. सकाळी बोटे सहज वळली की आठवडाभर साठलेली कामे डोळ्यांपुढे येतात. कपाट आवरायचे राहिले आहे, पापड लाटायचे आहेत, नणंदेच्या घरी जाऊन यायचे आहे. ही सर्व कामे त्या एका दिवशी उरकली जातात आणि पुढचे दोन-तीन दिवस अंथरुणात जातात. पुन्हा बरे वाटते, पुन्हा तीच धावपळ होते, पुन्हा तीच पडझड. दर फेरीत पडून राहण्याचे दिवस वाढतात, स्नायू आणखी क्षीण होतात आणि पूर्वी सहज होणारे काम जड वाटू लागते. पेढीवर नोकराने पगाराआधी घेतलेल्या पैशाला उचल म्हणतात. चांगल्या दिवशी अंगातून काढलेली जास्तीची ताकद ही अशीच उद्याच्या खात्यातली उचल असते, आणि तिची वसुली टळत नाही.

दुखणे पुन्हा जोर करू लागले की मराठीत त्याने उचल खाल्ली असे म्हणतात. येथे एक भेद लक्षात ठेवावा. जास्त कामाने आलेला ठणका आणि शीण बहुधा एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने ओसरतो. रोगच उचल खातो तेव्हा सांधे गरम होऊन सुजतात, सकाळचे आखडलेपण लांबते, कधी बारीक कणकण येते आणि हे दिवसचे दिवस, कधी काही आठवडे चालते. अतिश्रम, एखादा जंतुसंसर्ग, मनावरचा मोठा ताण किंवा परस्पर बंद केलेली औषधे यांमुळे असे होऊ शकते; पण काही वेळा कोणतेच कारण सापडत नाही. म्हणून दर वेळी ‘तूच काहीतरी केले असशील’ असे म्हणणे अन्यायाचे ठरते.

यावरचा पहिला उपाय व्यापारी घराच्या अगदी हातातला आहे. दोन आठवडे शरीराचा रोजमेळ लिहावा. जुन्या वहीत रोज चार ओळी पुरतात: सकाळी आखडलेपण किती मिनिटे होते, दिवसात कोणती कामे किती वेळ केली, झोप कशी लागली आणि संध्याकाळी थकवा शून्य ते दहा यांपैकी कोणत्या आकड्यावर होता. पंधरा दिवसांनी वही वाचली की एरवी न दिसलेल्या गोष्टी दिसतात. कोणाला सलग उभे राहणे बाधते, कोणाला दुपारचे जेवण टळणे, कोणाला जिने, तर कोणाला पाहुण्यांची सलग ये-जा. मग आपल्याला न बाधणारे रोजचे माप ठरवता येते. चांगल्या दिवशीही त्या मापाच्या फार पुढे जायचे नाही आणि साधारण दिवशी शक्य तितके त्याच्या जवळ राहायचे. दोन-तीन आठवडे माप झेपले की ते थोडेसे वाढवायचे. विश्रांती दमल्यावर घ्यायची नसून दमण्याआधी घ्यायची, हा यातील सर्वांत अवघड नियम आहे. २०-२५ मिनिटे काम झाले की पाच-दहा मिनिटे बसावे. काम अर्धे राहिले तरी बसावे.

दुसरा उपाय कामाची वेळ आणि रीत बदलण्याचा. आमवाताची बोटे सकाळी सर्वांत जास्त आखडलेली असतात, आणि दुकानातले सर्वांत अवजड काम, म्हणजे शटर वर ढकलणे, नेमके सकाळीच असते. ते काम भावाने, मुलाने किंवा नोकराने करावे. नोटा मोजण्याचे यंत्र, जाड दांड्याचे पेन, गादीवर मांडी घालण्याऐवजी पाठ टेकता येईल अशी खुर्ची यांचा खर्च थोडा असतो आणि मालकाची दुपार वाचते. स्वयंपाकघरातही हेच तत्त्व आहे: लहान सांध्याचे ओझे मोठ्या सांध्यावर टाकावे. पिशवी बोटांत न धरता कोपराशी अडकवावी. कुकर, कढई दोन्ही तळव्यांनी उचलावी. फडके पिळण्याऐवजी दाबून पाणी काढावे. कणीक मळण्याचे काम यंत्राला किंवा घरातल्या दुसऱ्या हातांना द्यावे, भाजी बसून चिरावी आणि ओट्याशी उंच स्टूल ठेवावे. उन्हाळ्यातील वाळवण आणि दिवाळीची साफसफाई एका दिवसाचा पराक्रम न करता महिनाभर थोडी थोडी करावी. लग्नसराईत मांडवात चार तास उभे राहण्याचा हट्ट सोडून खुर्चीवर बसून आहेर स्वीकारले, म्हणून घराचा मान उणा होत नाही.

कामाचे माप राखणे म्हणजे हालचाल बंद करणे नव्हे. पडून राहिल्याने थकवा जातो, हा समज खरा नाही. नियमित आणि बेताच्या व्यायामाने आमवाताचा थकवा कमी होतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून बोटे हळूहळू उघडणे-मिटणे, सपाट रस्त्यावर दहा मिनिटांपासून सुरुवात करून चालणे वाढवणे आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेले स्नायूंचे व्यायाम करणे पुरेसे असते. व्यायामानंतरचा ठणका दोन तासांहून अधिक टिकला, तर पुढच्या खेपेस प्रमाण थोडे उतरवावे.

थकव्याचे सगळे खापर आमवातावरही फोडू नये. शाकाहारी घरांमध्ये ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता पुष्कळ आढळते आणि तिनेही ग्लानी येते, हातापायांना मुंग्या येतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची तपासणी करून उणीव असल्यास ती भरून काढता येते. महिनोन्‌महिने मन उदास राहत असेल, कशातच गोडी वाटत नसेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. दीर्घ दुखण्यात उदासी येणे ही लाज वाटण्याची गोष्ट नाही, आणि तिच्यावर उपचार आहेत.

चातुर्मास आला की या घरांत आणखी एक प्रश्न उभा राहतो. वर्षानुवर्षे एकासणे, आयंबिल, अठ्ठाई केलेल्या श्राविकेला यंदा काहीच करू नका म्हणणे तिच्या जिव्हारी लागते, आणि न विचारता केलेले तप औषधांशी अडखळते. वेदनाशामक गोळी रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला इजा होऊ शकते आणि पाणी कमी प्यायलेल्या शरीरात तीच गोळी मूत्रपिंडांवर ताण आणते. स्टेरॉइडची रोजची गोळी एकाएकी थांबवणे तर जिवावर बेतू शकते. म्हणून पच्चक्खाण घेण्याआधी औषधांची यादी घेऊन डॉक्टरांशी बोलावे. सूर्यास्तानंतर तोंडात काही न घालण्याचा नियम असेल, तर औषधांच्या वेळा दिवसा बसवता येतील का, हेही विचारावे. बरेचदा ते जमते. पच्चक्खाणाच्या पाठातच आजारपणासाठी आगार ठेवलेला आहे, हे साधू-साध्वींना विचारले तर तेही सांगतील. सामायिकाची ४८ मिनिटे जमिनीवर बसवत नसतील, तर खुर्चीवर बसून करता येतात. तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. अनशन हा त्यांतील एक. स्वाध्याय हेही तप आहे आणि आजाऱ्याची सेवा, म्हणजे वैयावृत्य, हेही तपच आहे. घरातील रुग्णाला उपवास झेपत नसेल त्या वर्षी बाकीच्यांच्या वाट्याला हे दुसरे तप आलेले असते.

रोग उचल खाईल त्या दिवसांची तयारी तो शांत असतानाच करून ठेवावी. डॉक्टरांना आधीच विचारून एका कागदावर लिहून घ्यावे: दुखणे वाढल्यास कोणते औषध घ्यायचे, किती दिवस थांबायचे आणि कधी फोन करायचा. त्या दिवसांत गरम, सुजलेल्या सांध्याला कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा शेक आणि केवळ आखडलेल्या सांध्याला ऊब बरी वाटते. सुजलेल्या सांध्याला विसावा द्यावा, पण दिवसातून एक-दोनदा तो हळुवारपणे हलवावा, म्हणजे तो आखडून बसत नाही. घराने या दिवसांसाठी साधा स्वयंपाक, कामाची वाटणी आणि मुलांच्या शाळेची ने-आण आधीच ठरवून ठेवली, तर रुग्णाला सकाळी उठून मदत मागण्याचा संकोच उरत नाही. काही खुणांना मात्र थांबू नये. एकच सांधा अचानक लालभडक आणि गरम होऊन सोबत ताप आला, तर तो सांध्यातला जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. औषधे चालू असताना जोराचा ताप, तोंडात फोड, कोरडा खोकला किंवा धाप सुरू झाल्यासही तत्काळ कळवावे.

आमवातावर सर्रास दिली जाणारी मेथोट्रेक्सेट ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतली गेली तर घातक ठरते, म्हणून पाकिटावर ठळक अक्षरांत वार लिहावा आणि घरातील आणखी एकाने ती घेतल्याची खातरजमा करावी. ही गोळी चालू असताना गर्भधारणा होणे बाळाला धोक्याचे असते. मूल हवे असलेल्या जोडप्याने काही महिने आधीच डॉक्टरांशी बोलावे. ठरलेल्या रक्तचाचण्या टाळू नयेत आणि बरे वाटू लागले म्हणून औषध परस्पर बंद करू नये. आतून रोग चालू राहिला की सांधा वाकडा होतो, आणि एकदा वाकडा झालेला सांधा औषधाने सरळ होत नाही. पहिल्या काही महिन्यांतच संधिवाततज्ज्ञाकडे जाण्याचा आग्रह धरला जातो, तो याचसाठी.

कंटाळलेले रुग्ण औषधे सोडून एखाद्या पुडीकडे वळतात, तेव्हा एक जुनी घटना आठवावी. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका स्त्रीला कॉर्टिझोन हे स्टेरॉइड टोचले. काही दिवसांतच ती हिंडूफिरू लागली. या कामासाठी १९५० मध्ये हेंच यांना दोन सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पुरस्कार मिळाला. परंतु मोठ्या मात्रेत दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडचे दुष्परिणामही लवकरच दिसून आले. हाडे ठिसूळ होतात, रक्तातील साखर वाढते, चेहरा सुजतो, जंतुसंसर्ग बळावतात. आज डॉक्टर तेच औषध बेताच्या मात्रेत, शक्य तितके थोडे दिवस देतात. आपल्याकडे ‘तीन दिवसांत गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले आढळले आहे. म्हणून ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, तिचा तीन दिवसांतला गुण हीच शंकेची जागा मानावी. पावतीविना आणि नावाविना आलेला माल व्यापारी दुकानात ठेवत नाही. तो घरातल्या माणसाच्या पोटातही जाऊ देऊ नये.

योग्य उपचारांनी आज अनेक रुग्णांचा आमवात जवळजवळ शांत राहतो. तरीही सांधे निवल्यावर थकवा मागे रेंगाळू शकतो, आणि तेथे घराची साथ लागते. फ्रेंच चित्रकार रेन्वार यांना पन्नाशीच्या सुमारास या रोगाने गाठले. पुढे बोटे पार वाकली, चाके लावलेल्या खुर्चीत बसण्याची पाळी आली; पण १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते रंगवीत राहिले. हातावर कापडाच्या पट्ट्या बांधल्या जात, कुंचला दुसरे कोणीतरी त्यांच्या बोटांत ठेवून देई आणि मोठ्या चित्राचे कापड रुळांवर चढवलेले असे, म्हणजे हात पोहोचेल तेथे चित्रच सरकवून आणता येई. त्यांची जिद्द थोर होतीच. पण तो कुंचला कोणीतरी रोज हातात देत होते, हेही तितकेच खरे.

आमवाताच्या रुग्णाच्या घरात रोज सकाळी विचारण्यासारखा एकच प्रश्न आहे: ‘आज शिल्लक किती?’ दहापैकी चार, असे उत्तर आले तर चारांत बसतील तेवढी कामे रुग्णाकडे राहावीत आणि उरलेली बाकीच्यांनी वाटून घ्यावीत. सात असे उत्तर आले तरी पाचच खर्च करून दोन मागे ठेवण्याची आठवण सासूबाईंनी किंवा पतीने करून द्यावी. ‘आज बरी आहेस तर हेही करून टाक’ याऐवजी ‘आज बरी आहेस, आता थोडी बैस’ हे वाक्य घरात रुळू लागले, की रुग्णाला थकवा लपवावा लागत नाही.